हिवाळा एक, कामं दोन

कोल्हापुरात हौसेनं फोटो काढणाऱ्याचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. पाऊस मागं हटलेला असतो, ऊस तोडणीला आलेला असतो आणि पंचगंगेकाठच्या गावांत गुऱ्हाळं पेटायला लागतात. पहाटेचं धुकं फार तर फेब्रुवारीपर्यंत साथ देतं. मग आकाश पांढरंफटक होतं, आणि जून उजाडला की कॅमेरा कपाटात. हाताशी राहतात चारेक महिने. प्रदर्शनंही नेमकी याच चार महिन्यांत भरतात. पावसात फ्रेमचं लाकूड फुगतं आणि माणसं घराबाहेर पडत नाहीत. मार्च-एप्रिलात पोरांच्या परीक्षा, मे महिना लग्नांचा. त्यामुळं दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचं कलादालन ज्याला त्याला डिसेंबर-जानेवारीतच हवं असतं.

यंदा जानेवारीत तिथं आम्हा पाचजणींचं प्रदर्शन आहे. त्यात माझे फोटो गुऱ्हाळाचे. त्याच्या आधी, डिसेंबरअखेरीला, एका आंतरराष्ट्रीय सलोनच्या, म्हणजे फोटोस्पर्धेच्या, प्रवेशिकांची मुदत संपते. आणि पोटापाण्याचं विचाराल तर माझं चष्म्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी उघडलेलं, आता डोळे तपासायचं काम मी बघते आणि काउंटर नवरा. दुकान साडेदहाला उघडतं. म्हणजे फोटोग्राफी साडेदहाच्या आधी, आणि प्रदर्शनाची तयारी रात्री शटर खाली ओढल्यावर. मधल्या वेळात गिऱ्हाईक नसलं की मी फ्रेमच्या मापांचे आकडे मांडत बसते. लेन्स कापायची आणि फोटोची फ्रेम करायची, दोन्ही कामांत मिलिमीटरला किंमत असते, त्यामुळं वहीसुद्धा एकच चालते.

गुऱ्हाळच का, असं बरेचजण विचारतात. एक तर ते जवळ आहे. स्कूटरवरून अर्ध्या तासात पोचता येतं आणि साडेदहाच्या आत परत येता येतं. हौशी माणसानं विषय निवडताना हे आधी बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लडाखला एकदाच जाता येतं. गुऱ्हाळावर पुन्हा पुन्हा जाता येतं, तिथली माणसं ओळखीची होतात, आणि मग ती कॅमेऱ्याकडं बघायची थांबतात. दुसरं कारण म्हणजे तिथला उजेड. चुलवाणातला जाळ खालून तांबडा, पत्र्याच्या फटींतून येणारं कोवळं ऊन वरून, आणि मधे रस उकळणाऱ्या काहिलीतून उठणारी वाफ. ऊन वाफेवर पडलं की उन्हाची तिरीप हातात धरता येईल इतकी स्पष्ट दिसते.

हे सगळं दिसतं तसं टिपणं मात्र सोपं नाही. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. समोर पांढरी वाफच वाफ असली की ते त्या वाफेला करडं करून टाकतं, आणि सकाळचं गुऱ्हाळ ढगाळ दुपारसारखं दिसतं. म्हणून एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. दुसरी भानगड लेन्सची. थंडीतून आलेली लेन्स गरम, दमट शेडमध्ये काढली की काचेवर लगेच दव धरतं. एसी गाडीतून उतरणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांची रोजची तक्रार हीच असते. फडक्यानं पुसून उपयोग नाही, पुन्हा धरतं. लेन्स शेडमधल्या हवेइतकी गरम होईपर्यंत थांबायचं. तोवर चुलवाणात चिपाडं घालणाऱ्या जळव्याशी गप्पा.

काहिलीत रस चढला की आधी मळी निघते. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी गोळा होऊन वर येते आणि ती झाऱ्यानं काढतात. मग रस आटत जातो, बुडबुड्यांचा आकार बदलतो, वास बदलतो. पाण्याला उकळायला १०० अंश पुरतात. गूळ व्हायला रसाला ११५ ते १२० अंशांपर्यंत जावं लागतं. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि मान हलवतो. ती मान हलली की सगळ्यांची धांदल उडते. काहील उतरते, तांबूस सोनेरी पाक गार होण्यासाठी वाफ्यात ओतला जातो, आणि दोन-तीन मिनिटं सगळी शेड त्या रंगानं उजळून निघते. माझा जो मुख्य फोटो आहे तो या दोन-तीन मिनिटांतला. एका आधणाला, म्हणजे काहिलीभर रसाला, ही संधी एकदाच येते आणि पुढचं आधण उतरेपर्यंत माझी दुकानाची वेळ झालेली असते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळं मात्र कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याला घालणं शेतकऱ्याला सोपं पडतं, आणि जाळापुढं उभं राहायला माणसं मिळत नाहीत. मी जिथं जाते तिथल्या मालकांनी पुढच्या वर्षीचं काही खरं नाही असं सांगून ठेवलंय. म्हणून मला पहाटेच्या फेऱ्या प्रदर्शनासाठी थांबवता येत नाहीत.

या फेऱ्या सूर्याच्या वेळापत्रकाला बांधलेल्या असतात, आणि त्याचं एक गणित कोल्हापूरकरांना न शिकवता येतं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढत जातात. वाटेत इमारत आली किंवा हवेत धूळ-दमटपणा असला तर अर्ध्यावरच थांबतात. वर्षातून दोनदाच का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी तो आकाशात ज्या वाटेनं जातो, तेवढ्याच दिवसांनी नंतर तो पुन्हा त्याच वाटेवर येतो. घड्याळात अर्ध्या तासाचा फरक पडतो, वाट तीच.

हे गणित फोटोग्राफरच्या फार कामाचं आहे. गुऱ्हाळाच्या पूर्वेकडच्या पत्र्याला एक फट आहे. तिच्यातून येणारा उन्हाचा पट्टा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेमका वाफ्यावर पडतो. तेव्हा ढग आले, किंवा त्या दिवशी आधण उशिरा उतरलं, तर पुन्हा तोच पट्टा तिथंच पडायला जानेवारीची अखेर उजाडते. आणि प्रदर्शन त्याच्या आधी! नोव्हेंबरात जे हाती लागलं तेच भिंतीवर. जानेवारीअखेर जे मिळेल ते पुढच्या वर्षीचं. दरवर्षी प्रदर्शनात माझा मागचा हिवाळा आणि चालू हिवाळ्याचा अर्धा तुकडा असतो, तो त्यामुळं.

यावर तोडगा एकच सापडलाय. निवडीचं काम पावसाळ्यात उरकायचं. जुलै-ऑगस्टात कॅमेरा तसाही बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सला बुरशी फार लवकर धरते. काचेवर जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि एकदा का त्यांनी कोटिंग खाल्लं की ती लेन्स गेली. हवेतला दमटपणा चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहिला तर बुरशीला वाव मिळत नाही, आणि पाच-सहाशे रुपयांच्या हवाबंद डब्यात ते जमतं. तर या दिवसांत मी गेल्या हंगामातल्या फोटोंचे चार बाय सहाचे स्वस्त प्रिंट काढून आणते आणि माडीवर सतरंजीवर पसरते. स्क्रीनवर निवड करू नये. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि प्रत्येक फोटो आपापल्या जागी बराच वाटतो. सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवले की कळतं, यातले निम्मे एकमेकांची नक्कल आहेत. वाफेत उभा माणूस, पाठमोरा. पुन्हा वाफेत उभा माणूस, पाठमोरा. त्यातला एकच ठेवायचा.

ते प्रिंट तिथंच आठवडाभर राहतात. घरातली माणसं त्यांना ओलांडून जातात. सासूबाई कधीतरी खाली वाकून बघतात आणि एखाद्यावर बोट ठेवतात. त्यांनी बोट ठेवलेला फोटो मी सहसा ठेवते, कारण त्यांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही आणि त्यांचं माहेर गुऱ्हाळवाल्यांचं आहे.

मग छपाई. इथं माझा धंदा उपयोगी पडतो. किती मोठा प्रिंट काढता येईल, हा प्रत्येक हौशी माणसाचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर माझ्या दुकानात भिंतीवर टांगलेलं आहे: डोळे तपासायचा तक्ता. सहा मीटरवरून जी ओळ वाचता आली की नजर ६/६ म्हणतात, त्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि त्यातल्या प्रत्येक रेघेची जाडी त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी, पावणेदोन मिलिमीटर. ६/६ नजरेला सहा मीटरवरून यापेक्षा बारीक तपशील वेगळा करता येत नाही. हेच प्रमाण जवळ आणलं तर हातात धरलेल्या फोटोसाठी, म्हणजे तीस सेंटिमीटरवर, इंचाला सुमारे ३०० ठिपके लागतात. लॅबवाले ‘तीनशे डीपीआय पाहिजे’ म्हणतात ते या हिशोबाशी जुळतं. पण भिंतीवरचा मोठा फोटो कुणी तीस सेंटिमीटरवरून बघत नाही. मीटरभर लांब उभं राहिलं की इंचाला नव्वद ठिपकेही पुरतात.

माझा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. वीस बाय तीस इंचाचा प्रिंट काढला तर इंचाला दोनशे ठिपके मिळतात. भिंतीसाठी मुबलक. तेव्हा महागडा नवा कॅमेरा घेतल्याशिवाय प्रदर्शन करता येत नाही, हे खोटं. नाक लावून बघणारे मात्र भेटतात. ते सगळे फोटोग्राफर असतात.

आकाराची दुसरी अडचण कापाकापीची. आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन प्रमाणाची. तिला बारा बाय अठरा, सोळा बाय चोवीस, वीस बाय तीस ही मापं बरोबर बसतात. पण बाजारात तयार मिळणाऱ्या फ्रेमांत सोळा बाय वीसची पुष्कळ असतात, आणि स्वस्त पडतात म्हणून लोक त्या घेऊन येतात. त्यात फोटो बसवताना रुंदीचा सहावा हिस्सा कापला जातो. सहावा हिस्सा म्हणजे एखादा जळव्या आख्खा.

रंगाचा घोळ सगळ्यांत मोठा. स्क्रीन स्वतःच्या उजेडानं झळकते. कागद दुसऱ्याचा उजेड परत पाठवतो. घरी स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून फोटोवर काम केलं की लॅबमधून प्रिंट हमखास काळपट येतो. म्हणून मोठ्या प्रिंटआधी छोट्या चाचणी-पट्ट्या काढून घ्यायच्या आणि त्या ट्यूबखाली, पिवळ्या दिव्याखाली आणि खिडकीशी अशा तिन्ही ठिकाणी बघायच्या. शाईच्या रंगाला नजर तीन उजेडांत तीन तऱ्हेनं फसते. कलादालनात कोणते दिवे आहेत ते आधी जाऊन बघून यावं.

यंदाच्या मुख्य फोटोची चाचणी-पट्टी मी पिशवीत घालून थेट गुऱ्हाळावर नेली. गुळव्यानं हात धोतराला पुसले, पट्टी उन्हात धरली आणि म्हणाला, “ताई, ह्यो गूळ जळालाय की. असला कोण घेईल?” लॅबमधल्या पोराला मला जो मुद्दा अर्धा तास समजावता आला नव्हता, तो एका वाक्यात संपला. पाकातला तांबडा कमी केला, सगळा फोटो थोडा उजळ केला आणि दुसरी पट्टी घेऊन गेले. या वेळी त्यानं ती शेजारच्याच ढेपेला लावून बघितली. “आता बाजारात जाईल,” म्हणाला. रंगतपासणीची यंत्रं हजारोंची असतात. या विषयाला मला तरी याच्याहून भरवशाचं यंत्र मिळालं नसतं.

आता फ्रेम. सध्या सनबोर्डवर फोटो चिकटवून टांगायची पद्धत आहे. हलकं, स्वस्त, टेम्पोत भराभर चढतं. चारच दिवसांचं प्रदर्शन असेल तर माझी हरकत नाही, पण वर्षभरात सनबोर्ड वाकतो आणि कोपरे उघडतात. फोटो कुणी विकत घ्यावा असं वाटत असेल तर लाकडी पट्टी, मागं हार्डबोर्ड आणि समोर माउंट हवा. माउंट म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची पांढरी चौकट. ती शोभेसाठी असते असा समज आहे. तिचं खरं काम फोटोला काचेपासून लांब ठेवण्याचं. काचेला टेकलेला फोटो आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत काचेला चिकटतो, आणि सोडवायला गेलं की वरचा थर काचेबरोबर येतो.

काचेविषयी मला जरा जास्तच बोलायची सवय आहे. साधी काच तिच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण चार टक्के उजेड परतवते; दोन पृष्ठं, म्हणजे आठ टक्के. उजळ फोटोसमोर हे आठ टक्के जाणवत नाहीत. पण फोटोतला काळा भाग स्वतः त्याहून कमी उजेड परत पाठवतो, आणि मग काळोख्या शेडच्या जागी बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा आणि मागचा ट्यूबलाइट दिसायला लागतो. चष्म्याला जे अँटिग्लेअर कोटिंग असतं, तसंच कोटिंग केलेली फ्रेमची काचही मिळते आणि ती एक टक्क्याच्याही खाली येते. पण तिच्या किमतीत चांगल्यापैकी प्रोग्रेसिव्ह चष्मा होतो. ‘नॉन-ग्लेअर’ म्हणून बाजारात जी खरखरीत काच स्वस्तात मिळते ती वेगळी. ती चकाकी पसरवून टाकते, पण फोटोपासून जितकी लांब तितका फोटो धूसर करते. माउंट घातला की नेमकं तेच होतं. म्हणून मी गडद फोटो मॅट कागदावर छापून बिनकाचेचे लावते, आणि वाफेचे उजळ फोटो साध्या काचेत. फ्रेमवाले काका दरवर्षी यावर नाराज होतात. त्यांच्या मते बिनकाचेची फ्रेम म्हणजे अर्धवट काम.

टांगणीच्या दिवशी खरी परीक्षा. दालन सकाळी ताब्यात मिळतं आणि संध्याकाळी उद्घाटन, एवढाच वेळ. म्हणून हिशोब आधी कागदावर. वीस फुटांची भिंत म्हणजे २४० इंच. तीस इंच रुंद पाच फ्रेमा लावायच्या तर १५० इंच फ्रेमांचे, उरले नव्वद. पाच फ्रेमांमुळं मोकळ्या जागा सहा. प्रत्येक पंधरा इंचांची. सहावी फ्रेम घालायचा मोह इथंच होतो. घातली की जागा नऊ इंचांच्याही खाली येतात आणि भिंत दुकानासारखी दिसते. मला दुकान रोज बघायचं असतं.

उंचीचं गणित असं: फोटोचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा. मी ५८ धरते. फ्रेम चोवीस इंच उंच असेल तर तिची वरची कड सत्तर इंचांवर. मागची तार हुकावर ताणली की कडेपासून तीन इंच खाली येते. म्हणजे हूक सदुसष्टवर. प्रत्येक फ्रेमच्या मागं मी हा आकडा खडूनं लिहून ठेवते. मग शिडीवर कोणीही चढो. आपल्याकडं बरेचदा फोटो फार उंच टांगले जातात, देवाच्या तसबिरीच्या उंचीवर. माना वर करून चार फोटो बघितले की माणूस चहाकडं वळतो.

सलोनचं जग या सगळ्यापासून निराळं. तिथं काच नाही, हूक नाही, टेम्पो नाही. संगणकावरून फोटो पाठवायचे. मोनोक्रोम, रंगीत, नेचर, ट्रॅव्हल असे विभाग, प्रत्येकात बहुधा चार फोटो. परीक्षक बसून गुण देतात. एका फोटोला मिळतात काही सेकंद. फोटो स्वीकारला गेला की ‘ॲक्सेप्टन्स’ मिळतो, आणि असे ॲक्सेप्टन्स साठत गेले की नावापुढं लावायच्या पदव्या मिळतात. आपल्याकडं फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून आहे. जागतिक पातळीवर फियाप हा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि अमेरिकेची पीएसए ही संस्था. एआयनं बनवलेली चित्रं तिथं चालत नाहीत, आणि शंका आली तर मूळ रॉ फाइल मागतात. नेचर विभागात तर फोटोतली एक काडीसुद्धा पुसायची सोय नाही.

सलोनमुळं हात घासून निघतो हे खरं. पण काही सेकंदांत गुण मिळवणारा फोटो आणि भिंतीवर पाच दिवस राहणारा फोटो हे सहसा एक नसतात. माझ्या ज्या फोटोला ॲक्सेप्टन्स मिळाले, त्यात उन्हाचा पट्टा जोरात आहे आणि माणूस बरोबर जागेवर आहे. सतरंजीवर आठवडाभर ठेवल्यावर त्याच फोटोचा मला कंटाळा आला. काहिलीच्या काठावर ओळीनं वाळत घातलेल्या फडक्यांचा एक फोटो आहे, त्याला सलोनमध्ये कुणी विचारलं नाही. तो भिंतीवर जातोय.

हौसेची ही परंपरा जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी वैद्यकी करता करता तिच्यात फोटो मांडत होते. कोल्हापूरची गोष्ट तर अशी की बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच इथं बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. त्याच्यावरून जाताना आमच्यातली एक मैत्रीण हात जोडते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत, १९५२ पासूनच्या त्या दालनात, आपलेही फोटो लागावेत असं आम्हा पाचहीजणींना वाटतं. तिथली प्रतीक्षायादी मात्र वर्षांच्या हिशोबानं असते. तोवर दसरा चौक बरा. एसटी स्टँडवरून चालत येता येतं, आणि आत येणाऱ्याला कुणी अडवत नाही.

उरलंय ते आमच्या पाचजणींतलं भांडण. एकीला प्रत्येक फोटोखाली शीर्षक हवंय: ‘जीवनसंघर्ष’, ‘प्रकाशाचे दान’ वगैरे. मी आडवी पडलेय. फोटोखाली गावाचं नाव, काय चाललंय ते एका ओळीत, आणि वर्ष, एवढं पुरे. ज्याला मळी म्हणजे काय ठाऊक नाही त्याला ‘मळी काढताना’ वाचून काहीतरी कळेल. ‘जीवनसंघर्ष’ वाचून काय कळणार? उद्घाटनाला कोण, हा दुसरा वाद. शाल, श्रीफळ, फेटा आणि पाऊण तासाचं भाषण यात बघणाऱ्यांचा पहिला तास जातो, तोवर उजेडही गेलेला असतो. यंदा दिव्याची वात गुळव्याच्या हातून पेटवावी असं मी सुचवलंय. दोघी तयार आहेत, दोघी गप्प आहेत.

गुळव्याला मात्र मी आधीच विचारून टाकलंय. फोटोतल्या प्रत्येकाला एकेक प्रिंट दिला तेव्हाच. प्रदर्शनात लावायची परवानगीही तेव्हाच घेतली. फोटो लोकांपुढं टांगायचा तर आधी त्यातल्या माणसाला दाखवावा, एवढी रीत मी पाळते. आमंत्रणपत्रिका त्यानं उलटसुलट करून बघितली.

“तिकीट किती हाय?”

“तिकीट नाही. फुकट.”

“फुकाट दावायला एवढा खर्च?” तो जळव्याकडं बघून हसला. मग म्हणाला, ज्या दिवशी ऊस येणार नाही त्या दिवशी येतो, पण तारीख आत्ता सांगता येणार नाही. ऊसतोड कुठल्या दिवशी कुठल्या रानात जाईल ते मुकादमाच्या हातात. म्हणजे दीपप्रज्वलनाचा मजकूर पत्रिकेत छापायचा की नाही, हे आता मुकादमाला फोन करून ठरवायचं आहे.